जिन्यात किती वेळा थांबता?

साहेब कुणालाच "कसं काय, बरं आहे ना?" असं विचारत नसत. ते विचारायचे, "जिन्यात किती वेळा थांबता?"

लग्नाच्या पंगतीत विचारायचे, मातीला गेल्यावर विचारायचे, सोनपेठच्या एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही विचारायचे. माणूस गोंधळून जायचा. ज्याच्या घराला जिनाच नाही तो म्हणायचा, "साहेब, आमचं घर बैठं हाय." मग साहेब म्हणायचे, "बरं, मग नळावरून हंडा घरी नेताना किती वेळा खाली ठेवता?" उत्तर मिळेपर्यंत ते जागचे हलत नसत. आमच्या तालुक्याच्या गावात त्यांना लांबून बघून गल्ली बदलणारी माणसं मी पाहिलीत.

मी आता त्या गावापासून लय लांब आहे. दक्षिणेत, समुद्राकाठच्या एका शहरात, सुताच्या गोदामावर टेम्पो चालवतो. इथली भाषा मला अजून धड येत नाही. गोदाम दुसऱ्या मजल्यावर आहे. सकाळी आमचा म्हातारा मुकादम जिना चढायला लागला की माझे कान आपोआप तिकडं जातात. एक थांबा. दोन. माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही अर्धं. त्यानंतर बापाच्या मेंढरांमागं राणीसावरगावच्या माळांवर फिरलो. पण ही एक मोजणी मला येते आणि ती साहेबांनी शिकवलेली आहे.

साहेब नगरपरिषदेत लेखापाल होते. लेखा शाखा वरच्या मजल्यावर. बाकीचे बाबू पंख्याखालच्या खुर्चीसाठी भांडायचे, साहेबांनी मात्र रीतसर अर्ज करून आपलं टेबल जिन्याच्या तोंडाशी हलवून घेतलं होतं. उन्हाळ्यात तिथं झळा यायच्या, पावसात लोकांच्या छत्र्या त्यांच्या पायावर गळायच्या. पण खालून कोण येतंय आणि कुठं अडकलंय हे तिथं बसून ऐकू यायचं. बावीस पायऱ्या. साहेब फाईलमधून मान वर न काढता म्हणायचे, "अकराव्या पायरीवर थांबलंय. कठडा धरलाय. पाणीपुरवठ्याचं माणूस दिसतंय." थोड्या वेळानं खरंच पाणीपुरवठ्याचा माणूस वर यायचा.

त्यांच्या शर्टाच्या खिशात एक निळं पेन असायचं आणि कानावर सुतारासारखी एक पेन्सिल. झालेला खर्च पेनानं, होणारा पेन्सिलीनं, असा त्यांचा नियम. पेन्सिलीला टोक करायचे तर कागदावर ब्लेडनं, आणि तो भुसा पुडी बांधून मग कचऱ्यात. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर जिलेबी वाटायचे तेव्हा सगळे जिलेबी खायचे, साहेब खाणाऱ्यांकडं बघायचे. एकदा बांधकाम शाखेचे एक बाबू चौथी जिलेबी उचलत होते. साहेब शांतपणे म्हणाले, "घ्या. रिटायर झाल्यावर हिचं दवाखान्याचं बिल नगरपरिषदेच्या नावावर पडणार हाय, पण घ्या." बाबूंनी जिलेबी परत ठेवली आणि आठ दिवस साहेबांशी बोलले नाहीत.

एखादा निवृत्त कर्मचारी वारला की साहेब मातीला जायचे, सगळं होईपर्यंत उन्हात उभे राहायचे, आणि दुसऱ्या दिवशी दफ्तरात येऊन निवृत्तांच्या दवाखान्याच्या खर्चाचं रजिस्टर उघडून खोडरबर काढायचे. लोकांना ते बघवायचं नाही. मी एकदा धीर करून विचारलं. ते म्हणाले, "नाव पुसत न्हाई रे. नाव तसंच ऱ्हातंय. फकस्त पुढचा आकडा पुसतो." मग रबराचा भुगा फुंकरीनं न उडवता हातानं गोळा करून तोही पुडीत बांधला.

मी तिथं ठेकेदाराकडून घंटागाडीवर ड्रायव्हर होतो. मेंढरं विकली गेली, मग तिशी उलटल्यावर गाडी चालवायला शिकलो आणि कुणाच्या तरी ओळखीनं तिथं लागलो. बायको-लेकरं गावाकडं, मी गयामावशीच्या घरी एका खोलीत भाड्यानं. मावशी नगरपरिषदेतून रिटायर झालेली सफाई कामगार. भाडं ठरलेलं, पण भाकरी ठरलेली नव्हती, ती तिनं आपणहून सुरू केली. मला नोकरीची सतत धास्ती असायची. ठेकेदाराचा फोन वाजला की मी आधी उभा राहायचो, मग उचलायचो. मालकाचा वाजला की अजूनही राहतो.

एकदा मी डिझेलच्या पावतीवर सही घ्यायला वर गेलो तर साहेबांनी सही करायच्या आधीच विचारलं, "खोकला किती दिवसांचा?"

"थोडा हाय साहेब. कचऱ्याची धूळ."

"दिवस विचारले मी."

"तीन आठवडे झाले असतील."

त्यांनी रजिस्टर उलटं केलं आणि शेवटच्या पानावर पेन्सिलीनं माझं नाव लिहिलं. मी म्हणालो, "साहेब, मी परमनंट न्हाई. माझं नाव कशाला? ठेकेदाराला कळलं तर काढून टाकील. पुसा ना."

"तू नियमात न्हाईस, म्हणूनच मागच्या पानावर लिहिलंय मी," ते म्हणाले. "पुसायला रबर हाय. तुझी छाती नगरपरिषदेच्या कचऱ्यानं खराब व्हायला लागलीय का न्हाई, तेवढं सांग. न्हाई म्हण, पुसतो."

मला 'न्हाई' म्हणता आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सरकारी दवाखान्यात पाठवलं. टीबी निघाला, पण सुरुवातीचाच. पहिले काही दिवस सुट्टी घ्यायला लावली. ठेकेदाराला त्यांनी काय सांगितलं ते मला आजवर कळलेलं नाही. पुढं सहा महिने मी गोळ्यांची रिकामी पाकिटं नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवायचो आणि ते ती मोजून परत द्यायचे. मी बरा झालो. पानावरचं नाव मात्र तसंच राहिलं.

त्या रजिस्टरची गोष्ट अशी. फार वर्षांपूर्वी नगरपरिषदेनं ठराव घेतला होता की आपला माणूस रिटायर झाल्यावरही त्याच्या दवाखान्याचा खर्च नगरपरिषद देईल. ठराव चांगला होता, टाळ्या वाजल्या असतील. पण त्या दिवशी त्यासाठी कुणी काहीच बाजूला ठेवलं नाही. गेल्या साली जेवढी बिलं आली तेवढाच पैसा पुढच्या सालाला धरायचा, अशी रीत पडली. तो पैसा दसऱ्याच्या आत संपायचा. मग बिल पुढच्या सालात. त्या सालातली बिलं त्याच्या पुढच्या सालात. म्हातारी माणसं फाईल छातीशी धरून त्या बावीस पायऱ्या चढायची आणि उतरायची.

मला हे त्यांनी गाडीवरून समजावलं होतं. मी टायरचा खर्च मागायला गेलो होतो.

"टायर कधी झिजतंय?" त्यांनी विचारलं.

"रोज झिजतंय की साहेब."

"आन् पैसा कधी मागायला आलास?"

"आज. फुटलं म्हणून."

"म्हणजे आजच झिजलं का?"

मी हसलो. ते हसले नाहीत. "आपल्या दफ्तराला असंच वाटतंय. जी बाई आज गटार उपसायलीय, तिची छाती आज झिजायलीय. बिल वीस वर्षांनी येणार. आलं की हे लोक कपाळाला हात लावणार, एवढा खर्चा कुठनं आला म्हणून. मी म्हणतो, ज्या साली झिजलं त्या साली लिहा. थोडं थोडं बाजूला ठेवा. माझी एवढीच मागणी हाय, आन् मला सगळे येडा म्हणायलेत."

तेवढ्यासाठी त्यांनी वीस वर्षांच्या बिलांचे गठ्ठे सोडून बसून वाचले होते. त्यातून, आणि जिन्यावर ऐकलेल्या धापांवरून, त्यांनी एक ठोकताळा काढला होता. जिन्यात न थांबणाऱ्या माणसाला सालाकाठी किती खर्च येतो, एकदा थांबणाऱ्याला किती, तीनदा थांबणाऱ्याला किती. ठोकताळा गावठी होता, पण जुन्या बिलांना लावून बघितला की आश्चर्य वाटावं इतका जुळायचा. म्हणून त्यांचा तो प्रश्न.

ही सगळी पेन्सिल कदाचित कपाटातच राहिली असती. पण नव्या मुख्याधिकारी बाई आल्या. बाई कमी बोलायच्या. त्यांनी साहेबांना बोलावून सांगितलं, "या ठरावाचा एकूण बोजा किती आहे, मला एक आकडा द्या. अर्थसंकल्पाच्या सभेत मी तो ठेवणार आहे. आकड्यावर विश्वास बसला तर दरवर्षी निधी बाजूला काढू. नाहीतर ठराव रद्द करायचा प्रस्ताव तयारच आहे."

साहेब बाईंच्या केबिनमधून बाहेर आले ते जवळजवळ पळत. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याकडं तो आकडा मागितला होता.

पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत हे दाखवायचं. हल्ली मोबाईलवर अंगठा लावूनही चालतं. पण साहेबांनी निरोप धाडला की यंदा प्रत्येकानं जातीनं यायचं. "मोबाईलला धाप ऐकू येत न्हाई," असं ते म्हणायचे. आठ दिवस ते जिन्याच्या तोंडाशी रजिस्टर उघडून बसले, कानावर पेन्सिल.

आणि इथं घोटाळा झाला.

पहिल्याच दिवशी खाली चहाच्या टपरीवर कुणीतरी सांगितलं, की वरून आदेश आलाय, जो धापा टाकेल त्याची हयात कच्ची लिहितेत. कच्ची हयात म्हणजे काय ते कुणालाच माहीत नव्हतं, पण कच्ची कुणालाच नको होती. पेन्शन अर्धी होते म्हणे. वारसांना बोलावतेत म्हणे. मग काय, आमची म्हातारी माणसं तयारीनं यायला लागली. हणमंतमामा म्हणून नळाला पाणी सोडणारे एक जुने व्हॉलमन होते, सत्तरीच्या पुढचे, त्यांनी मिशीला कलप लावला. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली. टपरीच्या बाकावर अर्धा तास बसून दम खायचा, तोंडात लवंग धरायची, आणि आपला नंबर आला की एका दमात बावीस पायऱ्या.

"किती वेळा थांबलात?"

"थांबायचं कशाला सायब? अजून दोन जिने दावा," हणमंतमामा म्हणाले.

इमारतीच्या मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीकडं उतरणारा लोखंडी जिना होता. सही झाली की सगळे तिकडून उतरायचे. त्या टाकीपाशी माझी घंटागाडी उभी असायची. वर 'अजून दोन जिने दावा' म्हणून आलेले मामा खाली येऊन टाकीला पाठ टेकवून बसले ते पाऊण तास उठले नाहीत. एक जण गाडीच्या चाकाला धरून ओकला. मी बाटलीतलं पाणी देत होतो, पदरानं वारा घालणाऱ्या बायकांना सावलीत बसवत होतो. गयामावशी आली तेव्हा तिचे ओठ निळसर दिसत होते.

"मावशी, वरी सांगितलं का साहेबांना? डॉक्टरनं काय म्हणलंय ते?"

परभणीच्या डॉक्टरनं तिला सांगितलं होतं की हृदयाची एक झडप गेलीय, बदलावी लागेल. ती ते पुढं ढकलत होती, कारण आधीचंच बिल अजून पुढच्या सालात अडकलेलं होतं.

"गप बस," ती म्हणाली. "पक्की हयात लिहून आलेय. त्यात खोडा घालू नको."

"पण मावशी, खोटं..."

"तुला काय कळतंय? धड दिसलो तर ठराव ऱ्हाईल. आमी सगळे मरायला टेकलेत म्हणलं की मेंबर म्हणतेल, एवढा पैसा कुठनं आणायचा, करा रद्द. मग काय चाटायचं का त्या सायबाचं रजिस्टर?"

तिचं म्हणणं मला खोटं वाटेना. म्हणून मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर मला गप्प बसायला कारणच हवं होतं.

आठवड्यानं साहेबांनी बेरीज केली. मी पावती घेऊन वर गेलो तर त्यांचा चेहरा एखाद्याच्या घरी पाळणा हलल्यासारखा झालेला. "ड्रायव्हर," ते म्हणाले, "आपली माणसं लय धडधाकट निघाली रे. मी उगाच घाबरत होतो. आकडा छोटा आलाय. सभेत एका मिनिटात मंजूर होईल." त्यांनी मला त्या दिवशी चहा पाजला. साहेब कुणाला चहा पाजत नसत.

तो चहा मला उतरेना. खोलीवर आलो. माझ्या आणि मावशीच्या खोलीमध्ये पत्र्याचा पडदा होता. मावशी आडवी होऊन झोपत नाही हे मला कधीचं माहीत होतं. आडवं झालं की तिला दम लागायचा. भिंतीला टेकून, गुडघ्यावर कपाळ ठेवून ती बसून झोपायची. छोट्या आकड्यात ही झोप कुठंच नव्हती. आकडा मंजूर होणार, पैसा पुन्हा दसऱ्याच्या आत संपणार, आणि मावशीची झडप पुन्हा पुढच्या सालात. पण मोठा आकडा सांगितला आणि ठरावच गेला तर? तर तो माझ्या तोंडामुळं गेला असं होणार.

दोन दिवसांनी मी वर गेलो. पावती नव्हती. साहेबांनी हात पुढं केला आणि तो रिकामाच राहिला.

"साहेब," मी म्हणालो, "माझा बाप मेंढरं राखायचा."

"माहीत हाय."

"मेंढरू आजारी असलं की कळपात चालताना दाखवत न्हाई. मागं पडलं तर लांडगा धरतोय हे त्याला कळतं. हाकलं की सगळ्यांच्या बराबर चालतंय, उलट दोन पावलं पुढंच. बाप म्हणायचा, मेंढरू हाकताना बघायचं नसतंय. बसल्यावर बघायचं. तुमी सगळ्यांना हाकताना बघितलं साहेब."

मी लोखंडी जिन्याचं सांगितलं, टाकीचं सांगितलं, कच्च्या हयातीचं सांगितलं. मावशीचं नाव घेणार नव्हतो, तेही गेलं तोंडातून. साहेब उठले, मागच्या बाजूला जाऊन त्या टाकीकडं खाली बघून आले. आठ दिवस ते तिथून दहा पावलांवर बसले होते आणि त्यांनी फक्त पुढच्या जिन्याला कान लावला होता. परत येऊन त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, ब्लेडनं टोक केलं, पुडी बांधली. मग विचारलं, "तुझी गाडी सकाळी किती वाजता निघती?"

दुसऱ्या दिवशी सहाला साहेब स्वेटर आणि मफलर घालून माझ्या केबिनमध्ये बसलेले. मांडीवर रजिस्टर. भोंगा वाजला की माणसं कचऱ्याचे डबे घेऊन दारात यायची. कोण डबा एका हातानं आणतं, कोण दोनदा खाली ठेवतं, कोण दारातूनच नातवाला हाक मारतं, कोण येतच नाही आणि आतून नुसता खोकला येतो, हे सगळं साहेब काचेमागून लिहीत होते. झोपेतून उठलेल्या माणसाला तयारी करायला वेळ नसतो. हणमंतमामा बनियनवर आले, एका हातानं भिंत धरून, मिशीचा कलप अर्धा उतरलेला. साहेबांनी त्यांच्या पुढचं शून्य पुसलं आणि तीन लिहिलं. बारा दिवस आम्ही असं फिरलो. साहेबांना कचऱ्याचा वास सहन व्हायचा नाही, पण मफलर त्यांनी नाकावर कधी घेतला नाही.

मावशीच्या दारात गाडी आली तेव्हा तिनं केबिनमध्ये वाकून पाहिलं आणि डबा खाली आपटला.

"अगं बाई! सायब! आता कचऱ्यासंगं आमची पण मोजणी करायलाव का?" माझ्याकडं बघून म्हणाली, "आन् तू रे मुडद्या, माझ्या भाकरी खाऊन माझीच चुगली!"

मी स्टेअरिंगकडं बघत बसलो. साहेब खाली उतरले.

"गयाबाई, रातच्याला बसून झोपता ना?"

"झोपन न्हाईतर उभी ऱ्हाईन! तुमाला काय? आमच्या मरनाचा अंदाज काढायलाव, व्हय ना? एवढे मरनार, एवढे उरनार."

"मरणाचा न्हाई," साहेब म्हणाले. "मेल्या माणसाचं बिल येत न्हाई, गयाबाई. मेल्यावर माझा आकडा पुसला जातोय. हा अंदाज जगण्याचा हाय. तुमची झडप बदलली की तुमी अजून पंधरा वर्षं जगणार, आन् पंधरा वर्षं गोळ्या खाणार. तुमच्या नावापुढं मी मोठा आकडा लिहिलाय तो त्याच्यासाठी. छोटा लिहिला असता तर त्याचा अर्थ काय झाला असता, तुमीच सांगा."

भोंगा वाजत होता, मागं एक मोटारसायकलवाला हॉर्न देत होता. मग ती म्हणाली, "पंधरा?"

"पेन्सिलीनं लिहिलंय," साहेब म्हणाले. "सोळा बी होतेल."

तिनं डबा उचलला आणि वाटेत एकदा खाली ठेवून, आमच्याकडं बघून, पुन्हा उचलून गाडीत ओतला.

नवा आकडा पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट आला. अर्थसंकल्पाच्या सभेला सभागृहाचं दार उकाड्यानं उघडं ठेवलं होतं. मी आणि पाचपंचवीस म्हातारी माणसं जिन्यात बसून ऐकत होतो. आकडा वाचला गेला आणि एक मेंबर हसले. दुसरे म्हणाले, "एवढ्यात दोन रस्ते होतेल. ठराव रद्द करा, विषय संपवा." मावशीनं माझा दंड धरला. तिची नखं रुतली होती. मला वाटलं, झालं, माझ्यामुळं झालं.

साहेब सभेत कधी बोलत नसत. विचारलं तरच पान दाखवायचे. त्या दिवशी ते न विचारता उभे राहिले. आवाज चढवला नाही, जिन्यात आम्हाला कान द्यावा लागला.

"ठराव रद्द करता येईल," ते म्हणाले. "पण त्यानं खर्चा रद्द होत न्हाई. फकस्त आपल्या वहीतनं निघून जातोय. मग तो त्या माणसाच्या वहीत जातोय, आन् त्याच्याकडं वही न्हाई. गटारं उपसून झालेली हायत. त्यांची झीज होऊन बसलीय. ती लिहायची का न्हाई, एवढंच तुमच्या हातात हाय."

बाईंनी विचारलं, "हा आकडा तुम्ही कसा काढला?"

"आधी चुकीचा काढला होता मॅडम. जिन्यावर बसून. मग घंटागाडीत बसून बरोबर काढला." आणि त्यांनी दोन्ही आकडे पुढं ठेवले, चुकीचा आधी. आपली चूक कागदावर दाखवणारा माणूस सभेनं बहुतेक पहिल्यांदा पाहिला असेल. मला वाटतं, विश्वास बसला तो तिथं बसला.

ठराव राहिला. सगळा आकडा मंजूर झाला नाही, पण दर महिन्याला पगाराच्या खर्चासोबत थोडी रक्कम वेगळ्या शीर्षाखाली बाजूला पडायला लागली. साहेब खाली आले आणि मला म्हणाले, "पुरणार न्हाई. पण आजपासून झीज लिहिली जाणार." दुसऱ्या साली त्या पैशातून मावशीची झडप बदलली. तिच्या ओळीवरची पेन्सिल साहेबांनी माझ्यासमोर पेनानं गिरवली, अक्षर न अक्षर, आणि शाई वाळेपर्यंत रजिस्टर उघडं ठेवलं.

मागच्या पानाचं मात्र काही झालं नाही. ठेक्यावरची माणसं नियमात बसत नाहीत, हे बाईंनी स्पष्ट सांगितलं. पुढं ठेकेदार बदलला, नव्यानं आपली माणसं आणली आणि मी भावकीतल्या एकाच्या मागं इकडं आलो. साहेबही रिटायर झाले. जाताना त्यांनी ते मागचं पान रजिस्टरमधून काढून घरी नेलं. दफ्तरातला कागद घरी नेण्याचा त्यांच्या नोकरीतला हा एकच प्रकार असावा.

या नोव्हेंबरात मावशीचा फोन आला. हयातीचे दिवस होते. मोबाईलवर जमतं तरी सगळे जिना चढायला जातात म्हणे, सवयच लागलीय. जिन्याच्या तोंडाशी आता नवा बाबू बसतो. पण या साली रांगेत साहेबही होते, पेन्शनवाले म्हणून.

"मग?" मी विचारलं. "एका दमात चढले का?"

"कुठलं बाबा. सातव्या पायरीला थांबले. कठडा धरला, आन् मोठ्यानं म्हणले, एक. सगळे बघायलेत. पंधराव्याला परत थांबले. दोन म्हणले. तो बाबू म्हणतोय, साहेब बसा, लिहितो मी मनानं. तर म्हणले, मनानं न्हाई, जिन्यानं लिही."

"आन् बाकीचे?"

"बाकीचे काय, त्यांच्या मागं आमी सगळे व्हतो. हणमंतमामा थांबले. ती बंबावाल्याची बायको थांबली. आरं, अर्धा तास सगळा जिना भरला व्हता नुसता. जो तो आपापल्या पायरीवर दम खायलाय, आन् कुनालाच लाज न्हाई. खालून येनारे मेंबर वरी जाईनात. मी दोनदा थांबले. आधी एका दमात चढले व्हते ते खोटं व्हतं."

मी हसलो. तिकडून ती पण हसली, आणि हसताना तिला धाप लागली नाही, हे मी ऐकलं.

"तुझ्या गोदामाला जिना हाय म्हनत व्हतास," ती म्हणाली. "तू किती वेळा थांबतोस?"

न्हाई थांबत, असं अगदी तोंडावर आलं होतं. मुकादम बाजूलाच उभा होता. त्याला मराठी येत नाही, तरी मी आवाज खाली केला.

"एकदा," मी म्हणालो.

"बरं," मावशी म्हणाली. "सायबाला सांगते. ते पान हाय त्यांच्याकडं."